पक्ष्याचा कान

आमच्या वाड्याच्या पडक्या माडींत गेलीं सात-आठ वर्षें गव्हाणी घुबडांचें एक जोडपें बिऱ्हाड करून आहे. गंगाखेडास गोदेच्या कांठीं जुन्या वाड्यांस तोटा नाहीं, आणि त्यांतील पुष्कळ वाडे हल्लीं माणसांपेक्षां पाखरांच्याच अधिक उपयोगीं पडतात. घरांत घुबड म्हणजे अपशकुन, असें म्हणून घरांतील स्त्रीवर्गानें प्रथम बरीच कुरकुर केली. तें लक्ष्मीचें वाहन आहे ही गोष्ट मीं निदर्शनास आणली; पण माझा शास्त्रार्थ कोणास पटला नाहीं. पुढें कोठीच्या खोलींतील उंदीर दिसेनासे झाले, तेव्हां मात्र विरोध आपोआप मावळला. दिवेलागणी झाली कीं त्यांतील एक पक्षी माडीच्या तुळईवर येऊन बसतो, आपला थाळीसारखा चेहरा खालीं वळवून स्थिर होतो, आणि जेथें मला माझा स्वतःचा हात दिसत नाहीं अशा काळोखांत अंगणांतील पाचोळ्यावर अचूक झडप घालतो. ही शिकार तो कानांच्या बळावर करितो. पूर्ण अंधाऱ्या खोलींत सोडलेल्या उंदराचा ठाव या पक्ष्याला नुसत्या खसखशीवरून लागतो, हें अमेरिकेंतील शास्त्रज्ञांनीं प्रयोगानें दाखवून दिलेलें आहे.

आजचा विषय मात्र घुबडापासून निघून कोंबडीकडे, आणि कोंबडीकडून माझ्या वडील बंधूंकडे जाणारा आहे.

गेल्या दिवाळींत फराळाला सारें घर एकत्र बसलें होतें. माझी थोरली नात, जिला आम्ही सर्वजण ताई म्हणतों, परभणीस पशुवैद्यक महाविद्यालयांत शिकते. ती सहज बोलून गेली, "आजोबा, कोंबडी बहिरी झाली ना, तरी कांहीं आठवड्यांनीं तिला पुन्हां ऐकूं येतं. आमच्या बाईंनीं सांगितलं." मुलें हसलीं. "मग आंधळी कोंबडी चष्मा लावते का?" असें धाकट्या नातवानें विचारलें, आणि हंशा अधिकच वाढला. आप्पा तेवढे हसले नाहींत. ती काय म्हणाली तेंच त्यांच्यापर्यंत पोंचलें नव्हतें. आप्पा म्हणजे माझे वडील बंधु, वय सत्तरीच्या पुढें. त्यांच्याशीं बोलावयाचें तर आमच्या घरीं पाटी-पेन्सिल लागते. मीं ताईचें वाक्य पाटीवर लिहून त्यांच्यापुढें धरलें. त्यांनीं तें दोनदां वाचलें, चकलीचा तुकडा ताटांत परत ठेविला, आणि बहिरीं माणसें बोलतात तशा उंच स्वरांत विचारलें, "मग माणसाच्या कानानं काय घोडं मारलं होतं?"

या प्रश्नाचें उत्तर त्या दिवशीं कोणापाशीं नव्हतें. पुढील सुटींत ताईनें पुस्तकें आणलीं आणि तीं मीं तिच्याकडून समजावून घेतलीं. मी मॅट्रिकच्या पुढें गेलेलों नाहीं, आणि ३१ वर्षें शाळेंत शिकविलें तें संस्कृत. तेव्हां खालील निरूपणांत जें नीट उतरलें असेल तें तिचें, आणि जेथें धांदल दिसेल ती माझी समजावी.

आप्पांची हकीकत थोडक्यांत सांगितली पाहिजे. १९७१ सालीं, वयाच्या सतराव्या वर्षीं, त्यांना क्षय झाला. आमच्या घरास हा रोग नवा नव्हता. वडिलांचे एक धाकटे भाऊ याच रोगानें, औषध या प्रांतीं येण्यापूर्वीं गेले होते, आणि त्यांची खोली आमच्या लहानपणींहि बंदच असे. आप्पांच्या वेळेस मात्र औषध होतें. स्ट्रेप्टोमायसिन हें औषध अमेरिकेंत १९४३ सालीं मातींतील एका सूक्ष्म जीवापासून मिळालें. आपल्याकडे पुण्याजवळ पिंपरीस १९५४ सालीं निघालेल्या हिंदुस्थान अँटिबायॉटिक्स या सरकारी कारखान्यानें पेनिसिलिनच्या मागून तेंहि तयार करण्यास आरंभ केला, आणि जें औषध पूर्वीं परदेशांतून आणावें लागे तें लहान गांवांच्या आंवाक्यांत आलें. आप्पांना कित्येक महिने त्याची सुई टोंचण्यांत आली. ते वांचले. हें प्रथम सांगून ठेवितों, कारण पुढील मजकूर वाचून कोणी औषधालाच दोष देऊं नये.

तिसऱ्या महिन्यांत ते पहांटे घाटावर स्नानास गेले आणि काळोखांत पायऱ्यांवरून घसरून पडले. अशक्तपणा, असें सर्वांनीं म्हटलें. मग घरांतसुद्धां दिवा मालवला कीं ते भिंत धरून चालूं लागले. डोळे मिटले कीं जमीन होडीसारखी हलते, असें ते सांगत. त्यानंतर कानांत रातकिडे ओरडूं लागले. ते आजतागायत ओरडत आहेत. अंगणांतील खरे रातकिडे मात्र त्यांना पुन्हां कधीं ऐकूं आले नाहींत. आप्पा कीर्तनांत झांज वाजवीत. एके दिवशीं त्यांनीं झांज कानाशीं धरून पाहिली, उलटसुलट केली, आणि "हिला काय झालं?" असें मला विचारलें. मी तेव्हां बारा वर्षांचा होतों. झांजेला कांहीं झालें नव्हतें.

पुढें माझ्या ध्यानांत आलें कीं, त्यांच्या ऐकण्यांतून वर्ण एका विशिष्ट क्रमानें नाहींसे होत आहेत. प्रथम गेले ऊष्म वर्ण, श, ष, स. "शिरा" म्हटलें तर त्यांना "इरा"सारखें कांहींतरी ऐकूं येई. स्वर आणि घोष वर्ण पुष्कळ वर्षें टिकले. शिक्षाशास्त्र शिकलेल्या मला याचें फार नवल वाटे. आतां कळतें कीं ऊष्म वर्णांचा नाद सर्वांत उंच असतो, आणि या औषधानें होणारी हानि उंच नादांपासूनच सुरू होते. त्यांना सुई देणाऱ्या दवाखान्यांत यांपैकीं एक अक्षरहि कोणीं सांगितलें नव्हतें. आणि स्ट्रेप्टोमायसिननें शरीराचा तोल बिघडतो व कानास अपाय होतो, हें तर आप्पांना पहिली सुई मिळाली त्याच्या पंचवीस वर्षें आधींपासून वैद्यकांत नमूद होतें.

आतां कानाकडे वळूं. आमच्या न्यायवैशेषिकांत श्रोत्रेंद्रिय म्हणजे कर्णशष्कुलीनें वेढलेलें आकाश. शब्द तेथपर्यंत येतो तो पाण्यावरील लाटेमागून लाट उठावी तसा, हा वीचीतरंगन्याय. किंवा कदंबाचा गेंद चोहों बाजूंनीं एकदम फुलावा तसा, हा कदंबगोलकन्याय. या दोन पक्षांवर विद्यार्थिदशेंत मीं पुष्कळ भांडण केलें आहे. पण शब्द कानांच्या पोकळींत शिरल्यावर त्याचें ज्ञान कसें होतें, तेथें आमची गाडी थांबे. ती पुढें नेली ती अलीकडच्या शास्त्रज्ञांनीं, आणि या कामीं कोंबडीच्या पिलाचे उपकार फार आहेत.

कानाचा पडदा हालला कीं ती हालचाल आपल्या कानांत तीन इवल्या हाडांवरून, तर पक्ष्यांत एकाच हाडावरून, अंतर्कर्णांतील द्रवास पोंचते. आपला अंतर्कर्ण गोगलगायीच्या शंखासारखा वेटोळें घातलेला असतो. पक्ष्याचा आंखूड, किंचित् वांकलेल्या भेंडीच्या आकाराचा. त्याच्या आंत ऐकणाऱ्या पेशींची एक पट्टी असते. कोंबडींत ती जेमतेम चार मिलिमीटर लांबीची, म्हणजे तांदळाच्या कणीएवढी, आणि तेवढ्यांत सुमारें १०,००० पेशी दाटीनें बसविलेल्या. गव्हाणी घुबडांत हीच पट्टी सुमारें ११ मिलिमीटर भरते. पक्षिजातींत एवढी लांब पट्टी क्वचितच. आपल्या एका कानांत अशा पेशी सुमारें १५,००० असतात. जन्मतः मिळतील तेवढ्याच. पुढें आयुष्यभर त्यांत एकीचीहि भर पडत नाहीं.

या पेशींना केशपेशी म्हणतात. त्यांच्या माथ्यावर सूक्ष्म रोमांचा जुडगा असतो, म्हणून हें नांव. खऱ्या केंसांशीं त्यांचा कांहीं संबंध नाहीं. हे रोम घाटाच्या पायऱ्यांप्रमाणें चढत्या उंचीच्या रांगांत उभे असतात, आणि प्रत्येक आंखूड रोमाच्या शेंड्यापासून मागच्या उंच रोमापर्यंत एक अतिसूक्ष्म तंतु ताणलेला असतो. हा तंतु १९८४ सालीं ब्रिटनमधील शास्त्रज्ञांनीं इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकानें प्रथम नीट पाहिला. त्याच्या खालच्या टोंकाशीं दार आहे.

कसलें दार? मीठ पाण्यांत विरघळलें कीं त्याचे कण विद्युद्भार घेऊन सुटे होतात. त्यांना आयन म्हणतात. पेशीच्या आवरणांतून हे आयन वाटेल तसे ये-जा करूं शकत नाहींत. त्यांच्याकरितां प्रथिनांचीं बनलेलीं ठराविक दारें असतात, आणि तीं ठराविक निमित्तानेंच उघडतात. केशपेशींच्या माथ्यावरील द्रव पोटॅशियमच्या आयनांनीं भरलेला असतो. शरीरांत इतरत्र पेशींच्या बाहेर सोडियम आणि आंत पोटॅशियम अशी वांटणी असते. येथें मात्र निसर्गानें मुद्दाम बाहेर पोटॅशियम कोंडून ठेविलेलें आहे. ध्वनीच्या धक्क्यानें रोमांचा जुडगा उंच बाजूकडे कलला कीं तंतु ताणला जातो आणि दार उघडतें. पोटॅशियम, व थोडें कॅल्शियम, आंत धांवतें. पेशीची विद्युत्स्थिति पालटते, आणि तिच्या बुडाशीं असलेल्या मज्जातंतूस वर्दी पोंचते. जुन्या दिंडीदरवाजाच्या कडीला दोरी बांधून ती माडीवरून ओढावी, तसा हा सरळ व्यवहार आहे. डोळ्यांत प्रकाशाची वर्दी रासायनिक क्रियांच्या एका लांब साखळींतून जाते, म्हणून डोळा कानाच्या मानानें मंद. कानांतील दार सेकंदाच्या कांहीं लाखांश भागांत उघडतें, आणि अगदीं बारीक आवाजाला जुडगा हलतो तो मिलिमीटराच्या दहा लाखाव्या भागाहूनहि कमी. घुबडाच्या अचूकपणाचें रहस्य पुष्कळ अंशीं या वेगांत आहे. उंदराची खसखस उजव्या कानास आधीं पोंचली कीं डाव्या, हें त्याला ओळखावयाचें असतें, आणि तें अंतर सेकंदाच्या लाखांशांतच मोजावें लागतें.

हारुनोरी ओमोरी या जपानी शास्त्रज्ञांनीं १९८४ सालीं कोंबडीच्या पिलाच्या कानांतील तोल सांभाळणाऱ्या केशपेशी सुट्या करून, त्यांतून वाहणारी वीज पायरीपायरीनें वाढते व कमी होते हें मोजून दाखविलें. प्रत्येक पायरी म्हणजे एक दार उघडलें वा मिटलें. मला हें वाचून मोठा आनंद झाला. एखाद्या ओळींतील मात्रा मोजाव्या तशीं दारें मोजलीं! पण तें दार नेमकें कोणत्या प्रथिनाचें, हा वाद आणखी कित्येक वर्षें चालला. टी. एम. सी. या नांवाच्या प्रथिनांवर संशय होता. तो २०२० सालीं चीनमधील शास्त्रज्ञांनीं पुष्कळसा दूर केला. त्यांनीं समुद्रकांसवाचें एक व बजरीगर पोपटाचें एक अशीं या जातीचीं प्रथिनें शुद्ध करून, स्निग्ध द्रव्याच्या कृत्रिम पापुद्र्यांत बसविलीं, आणि त्या पापुद्र्यावर ताण देतांच आयनांचा प्रवाह सुरू झाला. हा बजरीगर म्हणजे बाजारांत पिंजऱ्यांतून विकावयास येणारा, लोक ज्याला चुकीनें लव्हबर्ड म्हणतात, तोच हिरवापिवळा पक्षी. आमच्या नातवानें दोन पाळलेले आहेत. तेव्हांपासून त्यांना घरांत थोडा मान मिळूं लागला आहे.

पक्ष्याच्या केशपेशींत आणखी एक गंमत आहे. वरचें दार उघडून आयन आंत आले कीं पेशीच्या बाजूंस असलेलीं कॅल्शियमचीं दारें उघडतात. आंत आलेलें कॅल्शियम पोटॅशियमचीं मोठालीं दारें उघडतें. त्यांतून पोटॅशियम बाहेर जातें. विजेचा दाब उतरतो, कॅल्शियमचीं दारें मिटतात, मग पोटॅशियमचीं, आणि पुन्हां पहिल्यापासून. असा झोका चालूं लागतो. प्रत्येक पेशीच्या झोक्याचा वेग तिच्यांतील दारांच्या संख्येवर आणि चपळाईवर ठरलेला असतो. म्हणजे पेशी एका विशिष्ट सुराला लावलेलीच असते. हें प्रथम कांसवांत १९८१ सालीं क्रॉफर्ड व फेटीप्लेस यांनीं दाखविलें, आणि १९८८ सालीं कोंबडींतहि तसेंच आढळलें. सारंगीच्या मुख्य तारांखालीं तरफेच्या तारा असतात, त्यांना कोणी गज लावीत नाहीं. पण आपला सूर आला कीं त्या आपण होऊन बोलतात. कोंबडीच्या पट्टीच्या एका टोंकापासून दुसऱ्या टोंकापर्यंत मंद्रापासून वरच्या सुरांपर्यंत अशा तरफा क्रमानें लागलेल्या आहेत. फार उंच सुरांस ही युक्ति पुरी पडत नाहीं, आणि आपल्या कानानें तर निराळाच उपाय योजला आहे. पण त्याचें विवेचन येथें केलें तर संपादक मला आवरतील.

आतां आप्पांच्या प्रश्नाचें उत्तर जवळ आलें. स्ट्रेप्टोमायसिन, कॅनामायसिन, जेंटामायसिन, अमिकासिन हीं सारीं औषधें एकाच कुळांतील. रक्तांतून तीं अंतर्कर्णांतील द्रवांत उतरतात. त्यांचे रेणू धन विद्युद्भाराचे असतात. द्रवाचा विद्युद्दाब धन, पेशीच्या आंतील ऋण; म्हणून पोटॅशियमप्रमाणेंच औषधहि आंत ओढलें जातें, आणि शिरतें तें त्याच दारानें! २००५ सालीं इंग्लंडांतील शास्त्रज्ञांनीं उंदराच्या केशपेशींवर हें दाखवून दिलें. औषधाचा रेणू प्रथम दारांत अडकून तें बुजवितो, मग विजेच्या ओढीनें आंत सरकतो. आणि आंतून बाहेर येणें त्याला तितकें सुलभ नसतें. तो पेशींत सांठत जातो, पेशी मरते. ज्या दारानें झांजेचा नाद आप्पांच्या ज्ञानांत येत होता, त्याच दारानें त्यांना जीवदान देणारें औषध शिरलें आणि दारासकट घर पाडून गेलें.

कोंबडीच्या कानांतहि हें असेंच घडतें. जेंटामायसिन दिलें कीं तिच्याहि केशपेशी मरतात आणि ती बहिरी होते. भेद आहे तो पुढें. १९८७-८८ च्या सुमारास अमेरिकेंत कोर्विन, कोटांच, रूबेल, रायल्स आदि शास्त्रज्ञ कर्णकर्कश आवाजानें किंवा औषधानें बहिऱ्या केलेल्या कोंबडीच्या पिलांचे आणि पूर्ण वाढलेल्या बटेर पक्ष्यांचे कान तपाशीत होते. कांहीं दिवसांनीं पाहावें तों मेलेल्या पेशींच्या जागीं नव्या केशपेशी! तोंपर्यंत सर्वांची समजूत अशी कीं, उष्ण रक्ताच्या प्राण्यांत गेलेली केशपेशी ती गेलीच. केशपेशींच्या मध्यें मध्यें आधारपेशी असतात, वाड्यांतील खांबांसारख्या. शेजारची केशपेशी मेली कीं पक्ष्यांत या आधारपेशी जाग्या होतात; कांहीं दुभंगून नवी पेशी निर्माण करितात, कांहीं स्वतःच केशपेशी बनतात. नव्या पेशीवर रोम उगवतात, तंतु ताणले जातात, दारें बसतात, मज्जातंतु येऊन जोडला जातो. कांहीं आठवड्यांत पक्षी ऐकूं लागतो. आपल्या अंतर्कर्णाच्या शंखांतहि आधारपेशी आहेत. त्या उठत नाहींत. त्यांना उठविण्याचे प्रयत्न जगभर चालू आहेत. कानांत औषध टोंचून त्यांना जागविण्याचा अमेरिकेंतील एका कंपनीचा मोठा प्रयोग २०२३ सालीं फसला. आपल्याकडे बंगळूरास राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्रांत राज लाधेर यांच्या प्रयोगशाळेंत अंतर्कर्ण मुळांत घडतो कसा, याचा अभ्यास चालतो, आणि तेथेंहि कोंबडीचें अंडेंच उपयोगीं पडतें.

मीं हें सर्व आप्पांना पाटीवर लिहून सांगितलें. अकरा पाट्या भरल्या. अखेर त्यांनीं विचारलें, "नवीन कान आला, तर जुनं गाणं आठवतं का?" असा प्रश्न मला सुचला नसता, ज्याला सुचावयास पाहिजे त्यालाच सुचला. ताईनें शोधून काढलें कीं यावरहि प्रयोग झालेला आहे. आपल्याकडे सह्याद्रीच्या रानांत पांढऱ्या पाठीची मनोली म्हणून लहानसा पक्षी असतो. त्याच्याच जातीची पिंजऱ्यांत वाढविलेली एक पैदास आहे, आणि तिचे नर गाणें शिकून गातात. २००२ सालीं वूली व रूबेल यांनीं प्रसिद्ध केलें कीं, असे नर औषधानें व आवाजानें बहिरे केले असतां त्यांचें गाणें बिघडत गेलें. स्वतःचा आवाज ऐकूं येईना, सूर सैल पडले, तुकडे निखळले. पुढें नव्या केशपेशी उगवल्या, ऐकूं येऊं लागलें, आणि पक्ष्यांनीं आपलें तेंच जुनें गाणें पुन्हां हळूहळू जमविलें. कान गेला तरी गाण्याची आठवण शाबूत होती. आप्पांनीं पाटी वाचली आणि कांहीं बोलले नाहींत. संध्याकाळीं देवघरांतून बोटांनीं चौरंगावर ठेका धरल्याचा आवाज येत होता. लय बिनचूक होती.

आणखी एक गोष्ट सांगणें अवश्य आहे, कारण ती प्रत्येक कुटुंबाच्या उपयोगाची आहे. कांहीं माणसांना या औषधांच्या थोड्याशा सुयांनींहि कायमचें बहिरेपण येतें. १९९३ सालीं याचें एक कारण सांपडलें. पेशींत ऊर्जा निर्माण करणाऱ्या ज्या लहान भट्ट्या असतात, त्यांना स्वतःचें आनुवंशिक द्रव्य असतें, आणि तें फक्त आईकडून येतें. त्यांत एका ठराविक अक्षराचा पालट झाला असेल तर भट्टींतील प्रथिनें घडविणारें यंत्र जंतूंच्या यंत्रासारखें दिसूं लागतें. जंतूंना मारण्यास आलेलें औषध त्यालाच जंतु समजतें. हा दोष आईकडून सर्व मुलांस जातो. मुलींकडून पुढें चालतो, मुलांकडून थांबतो. मातृकुळांत कोणी सुयांनीं बहिरें झालें असेल तर तें डॉक्टरांस आधींच सांगावें. इंग्लंडांत मँचेस्टर येथें नवजात बालकांसाठीं अर्ध्या तासाच्या आंत उत्तर देणारी चांचणी निघाली असून तिचे निष्कर्ष २०२२ सालीं प्रसिद्ध झाले.

आमच्या घरीं याची वेळ आलीच. आक्काची मुलगी, म्हणजे माझी भाची, गेल्या उन्हाळ्यांत अपुऱ्या दिवसांची बाळंत झाली. बाळाला जंतुसंसर्गाचा संशय होता आणि जेंटामायसिन सुरू करण्याचें ठरत होतें. आप्पा, आक्का आणि मी एका आईचीं. आप्पांना दोष असेल तर तो आक्कांत आहे, भाचींत आहे, आणि कांचेच्या पेटींत निजलेल्या त्या दीड किलोच्या जीवांतहि आहे. आक्कानें डॉक्टरांस आप्पांची सर्व कथा सांगितली. तरुण डॉक्टर होते. त्यांनीं ती शांतपणें ऐकली, त्या बाळाला दुसरें औषध योजलें, आणि आप्पांचें रक्त तपासणीस पाठविण्यास सांगितलें. कांहीं आठवड्यांनीं निकाल आला. तो दोष आमच्या कुळांत नाहीं.

घरांत पेढे वांटले. आप्पांनीं कागद पुन्हां पुन्हां पाहिला. "म्हणजे मला विशेष असं कांहीं झालंच नव्हतं," ते म्हणाले. तें खरें होतें. त्यांना झालें तें औषधाच्या नेहमींच्या प्रतापानें, जसें त्या काळीं पुष्कळांस झालें, आणि पुढेंहि बरींच वर्षें होत राहिलें. औषधांना न जुमानणाऱ्या क्षयावर आपल्याकडे कॅनामायसिनच्या सुया महिनोन् महिने देत असत. जागतिक आरोग्य संघटनेनें २०१८ सालीं कॅनामायसिन वगळण्याची शिफारस केली, आणि त्यानंतर आपल्या देशांतहि या क्षयासाठीं केवळ पोटांत घेण्याच्या गोळ्यांचे उपचार आले. आप्पांची पहिली सुई १९७१ ची.

जर्मनींत ओल्डनबर्ग येथें गव्हाणी घुबडांच्या ऐकण्याची परीक्षा घेतली गेली आणि तिचा निष्कर्ष २०१७ सालीं प्रसिद्ध झाला. दोन वर्षांच्या आंतील आणि तेरा ते सतरा वर्षांच्या घुबडांच्या श्रवणांत म्हणण्यासारखा फरक आढळला नाहीं. एक घुबड तर तेवीस वर्षांचें होतें, आणि तेंहि तरण्या पक्ष्यासारखेंच ऐकत होतें. माणूस पासष्टीस येईतों उंच नादांची त्याची शक्ति बरीच उतरलेली असते. माझीहि उतरली आहे. गेल्या वर्षापासून सूनबाई "सांजा" म्हणाली कीं "गांजा" म्हणाली, हें मला तिच्या चेहऱ्यावरून ठरवावें लागतें.

हल्लीं दिवेलागणीनंतर आप्पा आणि मी ओसरीवर बसतों. रस्त्यावरच्या दिव्याचा थोडासा उजेड माडीवर पडतो आणि तुळईवर बसलेल्या घुबडाचा पांढरा चेहरा तेवढा दिसतो. अंगणांत काय हालतें आहे तें मला नीट ऐकूं येत नाहीं, आप्पांना मुळींच येत नाहीं. पण ते त्या चेहऱ्यावरून नजर काढीत नाहींत. चेहरा थोडा डावीकडे वळतो, थोडा खालीं होतो, थांबतो. "तुळशीच्या मागं," आप्पा मोठ्यानें सांगतात. क्वचितच चुकतात.